हिंडेनबर्गचा वृत्तपट : दृश्य आणि निवेदन

६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे उतरत असता ‘हिंडेनबर्ग’ ही हायड्रोजनने भरलेली जर्मन वायुनौका पेटली आणि सुमारे ३४ सेकंदांत जळून खाली कोसळली. ह्या दुर्घटनेचा जो वृत्तपट आज आपण पाहतो, त्यात हर्बर्ट मॉरिसन ह्या निवेदकाचा विव्हळ स्वर ज्वाळांच्या बरोबरीने ऐकू येतो. दृश्य आणि स्वर ह्यांचे हे ऐक्य मात्र मूळचे नव्हे.

मॉरिसन शिकागोच्या नभोवाणी केंद्रासाठी तबकडीवर ध्वनिमुद्रण करीत होता. ते दुसऱ्या दिवशी प्रक्षेपित झाले. वृत्तपटांचे छायालेखक स्वतंत्रपणे काम करीत होते आणि त्यांच्या पटांना स्टुडिओतील निराळे निवेदन जोडलेले होते. मॉरिसनचा स्वर दृश्यावर चढविला गेला तो नंतर. तोही मुद्रणाच्या गतिदोषामुळे मुळापेक्षा काहीसा चढा ऐकू येतो.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने येथे दर्शक शब्दांचा प्रश्न उपस्थित होतो. ‘हे’, ‘ती’, ‘आता’ ह्या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या स्थळकाळावर अवलंबून असतो. मॉरिसनचे ‘ती पेटली’ हे त्याच्या डोळ्यांपुढील नौकेला उद्देशून होते. जोडपटात ते छायालेखकाने टिपलेल्या चौकटीकडे बोट दाखविते. वस्तुतः पहिली ठिणगी वृत्तपटाच्या एकाही कॅमेऱ्याने टिपलेली नाही. तरीही आरंभापासून सारे पाहिल्याचा भास प्रेक्षकाला होतो.

त्याचा प्रसिद्ध ‘ह्युमॅनिटी’ हा उद्गारही असाच तपासावयास हवा. मराठीत तेथे ‘माणुसकी’ म्हणावे की ‘माणसे’? संदर्भ पाहता नौकेतील आणि खालच्या मैदानातील माणसांविषयीचा तो कळवळा होय. उद्गार तेवढाच उचलल्यामुळे त्याला मानवजातीच्या शोकाचे रूप आले.

ह्या निवडीची खरी हानी पुढेच आहे. नौकेवर ९७ जण होते; त्यांपैकी ३५ आणि जमिनीवरील एक असे ३६ मृत्युमुखी पडले, तर ६२ वाचले. मॉरिसनने पुढे स्वतःला सावरून बचावकार्याची आणि वाचलेल्यांची हकीकत सांगितली आहे. प्रचलित तुकड्यात ती सहसा नसते. म्हणून ह्या जोडपटाला घटनेचा साक्षीदार मानण्यापूर्वी त्यातील दोन्ही साक्षी वेगळ्या करून, पूर्ण ऐकणे आणि पाहणे अगत्याचे आहे.