न बोलणाऱ्याचे आत्मचरित्र

आत्मचरित्र लिहिणाऱ्याला बोलण्याची हौस असते, असे आपण गृहीत धरून चालतो. मग ज्याला मुळात बोलायचेच नसते, त्याने आपली कहाणी लिहायला घेतली तर तिचे रूप कसे होईल? जपानचे पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ हिदेकी युकावा यांचे ‘ताबिबितो’, म्हणजे ‘प्रवासी’, हे पुस्तक वाचताना हा प्रश्न मला सारखा पडत राहिला. १९५८ साली हे लेखन एका जपानी वृत्तपत्रातून क्रमशः आले आणि त्याच वर्षी त्याचा ग्रंथ झाला. इंग्रजीत ते १९८२ साली उतरले, आणि मी वाचले ते इंग्रजीतूनच. मूळ जपानी शब्दकळेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. पण पुस्तकाची जी घडण आहे, ती भाषांतरातही लपत नाही.

युकावांना नोबेल पारितोषिक मिळाले १९४९ साली. हा मान मिळवणारे ते पहिलेच जपानी. हिरोशिमा जळून तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. पराभवाने खचलेल्या देशाला या बातमीने केवढा धीर आला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर आपले चरित्र लिहितो, तेव्हा मानपत्रे, मेजवान्या, थोरामोठ्यांच्या गाठीभेटी यांची वाचकाला अपेक्षा असते. युकावा यातले काही म्हणता काही देत नाहीत. लेखक सत्तावीस वर्षांचा होतो, आपला पहिला महत्त्वाचा शोधनिबंध पुरा करतो, आणि पुस्तक संपते.

मग त्यात आहे तरी काय? आहे ते एक घर आणि त्या घरातला एक अबोल मुलगा. जन्म टोकियोचा, २३ जानेवारी १९०७ चा. पण वाढला तो क्योतोत. वडील ताकुजी ओगावा भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, घरात पुस्तकांना तोटा नाही. आजोबा पाच-सहा वर्षांच्या नातवाला समोर बसवून जुने चिनी ग्रंथ मोठ्याने वाचायला लावीत. अर्थ सांगायचा नाही. आजोबांच्या हातातली काडी ज्या अक्षरावर जाईल ते अक्षर म्हणायचे, बस्स. आपल्याकडे ज्यांनी अर्थ न कळता रूपावली आणि अमरकोश घोकला, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. या घोकंपट्टीविषयी युकावांच्या मनात कडवटपणा नाही. तिने अक्षरांची भीती कायमची घालवली, असे ते कृतज्ञतेने नोंदवतात. पुढे चुआंग-त्झु या चिनी तत्त्वज्ञाची संगत त्यांना आयुष्यभर पुरली, तिचे बीज याच बैठकीत पडले असावे.

काही विचारले, तर हा मुलगा ‘इवान’, म्हणजे ‘नाही सांगणार’, एवढेच म्हणे. त्यावरून त्याचे नावच ‘इवान-चान’ पडले. त्याच्या मनात काय चालले आहे हे वडिलांना कळेना. या मुलाला विद्यापीठात न पाठवता एखाद्या धंदेशिक्षणाच्या शाळेत घालावे, असा विचार त्यांच्या मनात आला. आईने आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलाची बाजू घेतली म्हणून तो बेत राहिला. हा भाग पुस्तकातला सर्वांत सरस भाग आहे. लेखक वडिलांना दोष देत नाही आणि स्वतःची कीवही करीत नाही. ज्या बापाने आपल्याला जवळजवळ ओळखलेच नाही, त्याच्या जागी उभे राहून तो त्या बापाची अडचण समजून घेतो. आपल्याकडे असे प्रसंग लिहिताना डोळ्यांत पाणी आणण्याचा मोह फार थोड्यांना आवरतो. युकावांना तो आवरावा लागत नाही. त्यांचा स्वभावच तसा आहे.

१९३२ साली सुमी युकावा यांच्याशी विवाह झाला आणि हिदेकी ओगावाचे हिदेकी युकावा झाले. सासरचे नाव घेण्याची तिकडे रीत आहे. वडिलांनीही ते केले होते. मग येते १९३४ ची शरद ऋतू. सप्टेंबरात ओसाका भागाला मोठ्या वादळाने झोडपले, त्याच सुमारास दुसरा मुलगा जन्मला. घरात तान्हे मूल, आणि लेखकाला झोप नाही. उशाशी वही ठेवून तो अंधारात विचार करी. रात्री तेजस्वी वाटलेली कल्पना सकाळच्या उजेडात फोल ठरे.

प्रश्न असा होता : अणूच्या गर्भात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन इतके घट्ट कशाने बांधले जातात? युकावांचे उत्तर असे, की एक कण त्यांच्यामध्ये सतत जा-ये करतो. दगड लांब फेकायचा तर तो हलका हवा. जड धोंडा पायाशीच पडतो. हे बळ अतिशय थोड्या अंतरातच चालते, त्या अर्थी तो कण जड असला पाहिजे, इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट. ऑक्टोबरातल्या एका रात्री हे सुचले, आणि १९३५ साली निबंध छापून आला. १९३७ साली विश्वकिरणांत तशाच वजनाचा एक कण सापडला, पण तो भलताच निघाला. खरा कण १९४७ साली ब्रिस्टलच्या पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला. या जातीच्या कणाला ‘मेसॉन’ हे सुटसुटीत नाव १९३९ साली सुचवले ते आपल्या होमी भाभांनी.

यातली १९३५ नंतरची कथा पुस्तकात नाही, याची मला खंत नाही. ती इतरत्र वाचता येते. खंत आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. युद्धकाळात जपानी नौदलासाठी क्योतोत अणुबाँबविषयक संशोधन चालले होते. त्याचे प्रमुख प्राध्यापक आराकात्सु होते आणि युकावांचाही त्यात सहभाग होता. बाँब काही झाला नाही. २०१७ साली क्योतो विद्यापीठाने युकावांची १९४५ ची रोजनिशी प्रसिद्ध केली, तीत या बैठकांच्या कोरड्या नोंदी सापडतात. हिरोशिमानंतर वृत्तपत्रांनी नव्या बाँबविषयी खुलासा मागितला, तेव्हा त्यांनी नकार दिला, अशीही नोंद तीत आहे. पुन्हा तेच : ‘नाही सांगणार.’

बालपणी जे मौन गोड वाटते, ते इथे तसे वाटत नाही. प्रवासी म्हणवून घेणाऱ्याने वाट जिथे अवघड झाली तिथेच कथन थांबवावे, ही माझ्या मते या पुस्तकाची खरी उणीव होय. लेखकाने कुठे थांबावे हा त्याचा अधिकार आहे, असे कोणी म्हणेल. मान्य. पण चांगल्या आत्मचरित्राने वाचकाची भूक चाळवलेली असते, आणि ती भागवणारा दुसरा कोणी नसतो.

मात्र याच माणसाने १९५५ साली रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर सही केली, हे विसरून चालणार नाही. जपानच्या अणुशक्ती आयोगावर ते १९५६ साली गेले; अणुभट्ट्या आणण्याची घाई त्यांना पटेना, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी ते पद सोडले. १९८१ साली मृत्यू येईपर्यंत अण्वस्त्रांविरुद्ध ते बोलत राहिले. अबोल माणसाला चारचौघांत बोलायला काय पडले असेल, हे ज्याने ‘ताबिबितो’ वाचले त्यालाच नीट कळेल. या बोलण्यामागे १९४५ ची टोचणी होती की काय, हे त्यांनी सांगायला हवे होते.

असो. ज्या घरात एखादे न बोलणारे मूल आहे, तिथल्या वडीलधाऱ्यांनी या पुस्तकातली बालपणाची प्रकरणे अवश्य वाचावीत. पुढचा युकावा मात्र त्यांना या पानांत भेटणार नाही. तो त्या रोजनिशीत आणि त्या जाहीरनाम्याखालच्या सहीत शोधावा लागेल.