लोकनायक अणे आणि सिलोनचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे १९४३ ते १९४७ या काळात सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. त्यांच्या चरित्रात या कालखंडाची केवळ एक मानाचे पद म्हणून नोंद करणे अपुरे होय. चहाच्या मळ्यांत राबणाऱ्या भारतीय तमिळांच्या नागरिकत्वाचा प्रश्न तेव्हा उभा होता. १९४८ च्या कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना नागरिकत्व नाकारले. १९६४ च्या करारान्वये ५,२५,००० लोक भारताने व ३,००,००० सिलोनने स्वीकारावयाचे ठरले. मळेकामगारांची संमती मात्र घेतली गेली नाही. उत्तरेकडील व पूर्वेकडील तमिळांचा प्रश्न निराळा होता. तथापि १९८३ मध्ये यादवी पेटल्यानंतर १९८७ चा करारही दोन सरकारांतच झाला. लढणारी प्रमुख तमिळ संघटना त्यात सहभागी नव्हती. सहस्रावधी नागरिकांचे बळी घेऊन ते युद्ध २००९ मध्ये संपले. ज्यांच्या भवितव्याचा निर्णय व्हावयाचा, त्यांनाच वगळून केलेले करार टिकत नाहीत, हेच यावरून दिसून येते. अण्यांच्या सिलोनमधील कार्याचे मूल्यमापनही, त्या मूक मळेकामगारांचा आवाज त्यातून कितपत उमटला, याच कसोटीवर व्हावयास हवे.