पुनर्मायलिनीकरण : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेत उपसर्गाला गौण स्थान दिले जाते. वस्तुतः पुष्कळदा प्रतिपादनाचा सारा भार त्याच्यावरच पडलेला असतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने २०१७ साली प्रसिद्ध केलेला क्लेमास्टिनविषयक निबंध या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ५० रुग्णांवर ही चाचणी झाली. तिचे नावच ‘रीबिल्ड’, म्हणजे पुनर्बांधणी. आणि ॲलर्जीवरील या जुन्या औषधाला निबंधाच्या शीर्षकातच ‘पुनर्मायलिनीकरण करणारा उपचार’ अशी पदवी बहाल झाली आहे.

मराठीत ‘पुनर्’ या उपसर्गाचे दोन अर्थ नांदतात. ‘पुनर्विवाह’ या शब्दात कृती दुसऱ्यांदा घडते. पहिला संसार परत येत नाही. ‘पुनःस्थापना’ या शब्दात मात्र गेलेली स्थितीच परत आणणे अभिप्रेत असते. मज्जातंतूवरील मायलिनचे वेष्टन नव्याने तयार होते ते पहिल्या अर्थाने. मेरी व रिचर्ड बंज आणि हान्स रिस यांनी १९६१ साली प्रौढ मांजराच्या मज्जारज्जूत असे वेष्टन दाखवून दिले. प्रौढ मज्जासंस्थेत ही क्षमता आहे, हे सिद्ध होणे थोर गोष्ट होय. पण हे नवे वेष्टन सामान्यतः मुळापेक्षा पातळ असते, त्याचे खंडही आखूड असतात. संदेशवहन त्याने सुधारते; तरी ती पूर्वस्थिती नव्हे.

आता निबंधात प्रत्यक्ष मोजले काय? डोळ्यांपुढे आकृती बदलत असता मेंदूत उमटणाऱ्या विद्युत्प्रतिसादाचा विलंब. तो प्रत्येक डोळ्यामागे सरासरी १.७ मिलिसेकंदांनी घटला. वेष्टन कोणी पाहिले नाही, ते अनुमानिले. हे अनुमान अयुक्तिक म्हणता येत नाही, कारण रुग्णांची इजा जुनी व स्थिरावलेली होती आणि औषध थांबल्यावरही लाभ टिकला. २०२३ साली याच चाचणीतील चुंबकीय प्रतिमांच्या अभ्यासाने, मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्यातील मायलिनजलाच्या मोजणीवरून, त्याला दुजोराही दिला. परंतु औषधाने थकवा वाढला, आणि थकवा ही तर याच रोग्यांची नित्याची तक्रार! लेखकांनी तो नमूद केला, हे त्यांना भूषणावह आहे. दोष आहे तो शीर्षकातील ‘उपचार’ या शब्दाचा. याच आशेवर पुढे आलेले ओपिसिनुमॅब २०२० साली मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले व मागे पडले, हेही विसरता येत नाही.

मराठीत या संशोधनाविषयी लिहिताना ‘मायलिनची दुरुस्ती’ हा शब्दप्रयोग सहज हाताशी येतो. पण रुग्ण ‘दुरुस्ती’ हा शब्द घड्याळाच्या दुरुस्तीसारखा ऐकतो : बिघडले होते, आता पूर्वीसारखे चालेल. ‘पुनर्वेष्टन’ हा शब्द थोडा जड खरा. परंतु तंतूवर पुन्हा आवरण चढले, याहून अधिक काही तो कबूल करीत नाही.