'ग्रामगीते'तील 'संत-चमत्कार'

चिमूरच्या १९४२ च्या लढ्याशी नाव जोडले गेलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'तील 'संत-चमत्कार' हा तिसावा अध्याय आम्ही पुन्हा वाचला. उपदेशाची पुनरुक्ती जाणवते. तरी संताची थोरवी चमत्कारात नसून लोकसेवेत आहे, हे साध्या ओवीतून मनावर ठसते. चिन्ह मागणाऱ्या परुश्यांना प्रभू येशूनेही नकारच दिला होता.

मग २०१२ साली मुंबईत इर्ला येथे क्रुसावरील ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाणी झिरपले, तेव्हा आपण काय केले? सनल एडामारुकू यांनी तुंबलेल्या गटाराकडे बोट दाखविले. आपल्यातील काहींनी पोलिसांत तक्रारी केल्या. लूर्दचे दावे डॉक्टरांकडून तपासून घेणाऱ्या ख्रिस्तसभेला हे शोभले नाही. हा अध्याय आपल्याही घरांत वाचला जावा.