किनाऱ्यावरचा श्रोता

मराठी कवितेतील समुद्र हा प्रामुख्याने संबोधनाचा विषय राहिला आहे. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या कवितेत सागराकडे केलेली तक्रार आहे, आर्जव आहे, शेवटी धाकही आहे. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’तील (१९४२) कोलंबस त्याच सागराला आव्हान देतो. दोन्ही ठिकाणी माणूस बोलतो आणि समुद्र ऐकतो. किनाऱ्यावर तिसरे कोणी आहे काय, त्याला ही हाक ऐकू जाते काय, आणि ऐकू गेल्यास त्याच्यावर काही बंधन येते काय, हे प्रश्न या कवितांच्या कक्षेत येत नाहीत. येण्याचे कारणही नव्हते. हा तिसरा माणूसच जिच्या केंद्रस्थानी आहे अशी एक फ्रेंच कादंबरी अलीकडे वाचनात आली. व्हँसां दलक्रुआ यांची ‘नोफ्राझ’ (२०२३). शीर्षकाचा अर्थ नौकाभंग. हेलन स्टीव्हन्सन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘स्मॉल बोट’ २०२५ च्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. तो पुरस्कार बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना मिळाला. त्या आनंदात या लहानशा पुस्तकाकडे आपले लक्ष गेले नाही, हे समजण्यासारखे आहे.

कादंबरीमागची घटना खरी आहे. २३ व २४ नोव्हेंबर २०२१ च्या मधल्या रात्री फ्रान्सच्या किनाऱ्यावरून इंग्लंडकडे निघालेली हवा भरलेली रबरी नाव इंग्लिश खाडीत बुडू लागली. नावेतले बहुतेक जण इराकी कुर्द होते. त्यांनी भ्रमणध्वनीवरून फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरावरील सागरी बचाव समन्वय केंद्राला वारंवार हाका मारल्या. तुम्ही इंग्लंडच्या पाण्यात आहात, तिकडे फोन करा, असे त्यांना सांगण्यात आले. इंग्रजी केंद्राशीही बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मासेमारी नौकेला पाण्यावर तरंगणारे देह दिसले. किमान सत्तावीस मृत, चार बेपत्ता, दोघे जिवंत. पुढे फ्रान्समध्ये काही सैनिकी कर्मचाऱ्यांवर, संकटातील माणसांना मदत न केल्याच्या आरोपावरून, न्यायालयीन कारवाई सुरू झाली. सावरकरांनी ज्या पाण्याकडे पाहून मातृभूमीची आठवण काढली, ते पाणी याच खाडीचे.

दलक्रुआ हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक आहेत आणि कादंबरीची रचना तशीच आहे. पहिल्या भागात त्या रात्री केंद्रावर असलेल्या स्त्रीची चौकशी चालते. चौकशी करणारी अधिकारीही स्त्रीच, आणि जवळजवळ तिचेच प्रतिबिंब. मधला छोटा भाग आपल्याला नावेवर नेतो. शेवटच्या भागात ती स्त्री एकटी आहे. आपला बचाव करताना तिचा एक युक्तिवाद पुन्हापुन्हा येतो: या लोकांना निघायला आपण सांगितले नव्हते. बुडणे खाडीत सुरू झाले नाही, त्यांच्या देशांत, युद्धांत, दलालांच्या व्यवहारात सुरू झाले; मग साखळीच्या शेवटच्या कडीलाच का धरता? हा युक्तिवाद वाचकाला चीड आणतो, आणि थोड्या वेळाने तो आपलाच आहे हे त्याच्या ध्यानात येते.

मी जबलपूरला राहतो. येथून समुद्र शेकडो मैल दूर. ग्वारीघाटावरच्या नावा यात्रेकरूंना पलीकडे नेतात, एवढाच आमचा नौकानयनाशी संबंध. परंतु १९९० मध्ये बरगीचे धरण भरले तेव्हा मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांना त्याची झळ पोचली, आणि त्यांतील कित्येक माणसे या शहरात येऊन सायकलरिक्षा ओढू लागली. यांना इकडे यायला कोणी सांगितले, हा उद्गार मी शहरातल्या सुशिक्षित घरांत ऐकला आहे, आणि ऐकून गप्प बसलो आहे. कादंबरीतील स्त्री राक्षसी वाटत नाही, याचे कारण मला तिच्या मानसशास्त्रात सापडले नाही. ते या आठवणीत सापडले.

तरीही या कादंबरीविषयी माझी एक मूलभूत तक्रार आहे. समुद्रातील बचावकार्य हे समन्वयाचे काम आहे. १९७९ च्या हॅम्बुर्ग येथील आंतरराष्ट्रीय करारान्वये समुद्राचे विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागासाठी केंद्र असते. आपल्याकडेही तटरक्षक दलाची अशी केंद्रे मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथे आहेत. विभागांच्या सीमेवर बुडणारा माणूस दोन केंद्रांच्या मध्ये सापडतो, आणि संकेतानुसार ज्याला प्रथम वार्ता कळेल त्याने दुसरा हाती घेईपर्यंत सोडायचे नसते. त्या रात्री जे मोडले ते हे. कादंबरीकार या यंत्रणेला स्पर्श करतो, पण पुन्हापुन्हा तिला एका विवेकाच्या आकारात ओततो. दोन कार्यालयांमधले संभाषण स्वगत होऊन बसते. स्वगत प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु ज्या दोषाचे स्वरूप ‘दोघांच्या मधले’ असे आहे, तो एकाच आवाजात मांडला की त्याचा अर्धा भाग ऐकूच येत नाही.

हे जाणवते ते आपल्याकडची एक घटना शेजारी ठेवली म्हणजे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. गटारी अमावास्येसाठी घरी चाललेले चाकरमानी तिच्यात दाटीने भरले होते. पोटासाठी मुंबईला गेलेली आणि सणाला परतणारी ही माणसेही स्थलांतरितच. काशाच्या खडकाजवळ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. काही तास मुंबई बंदराला पत्ताही नव्हता. जिवंत किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून बातमी कळली. दरम्यान जे वाचले ते मुख्यतः रेवसच्या कोळ्यांमुळे. मुंबईला विकायला नेत असलेली मासळी त्यांनी पाण्यात टाकली आणि माणसे वर घेतली, असे त्या किनाऱ्यावर आजही सांगतात. त्यांचे विभाग कोणी पाडले नव्हते.

१९४७ साली हाक ऐकणारे कोणी नव्हते. २०२१ साली ती ऐकली गेली, तिचे ध्वनिमुद्रणही झाले. ‘रामदास’ची कहाणी म्हणूनच वाचलेल्यांच्या आणि वाचवणाऱ्यांच्या तोंडून येते, दलक्रुआंची ऐकणारीच्या. आणि म्हणूनच कादंबरीचा मधला भाग मला सर्वांत दुबळा वाटला. नावेवरची माणसे तेथेही तिच्या कानातून गेल्यासारखी ऐकू येतात. त्यांना स्वतःची भाषा मिळत नाही.

मराठीत हे पुस्तक कोणी आणले तर त्याच्यापुढे एक लहानशी पण अवघड निवड असेल. फोन तुटल्यावर त्या केंद्रात जे शब्द उच्चारले गेले, तू वाचवला जाणार नाहीस अशा अर्थाचे, त्यांतील फ्रेंच सर्वनाम एकवचनी आहे. इंग्रजीत ते पुसले जाते. मराठीत ‘तुम्ही’ केले तर कार्यालयीन शिष्टाचार येईल आणि क्रौर्य निसटेल. ‘तू’ केले तर तुच्छता येईल. पण आपल्या कवींनी सागराला हाक मारली तीही ‘तू’ म्हणूनच, आणि आपण बुडत्याला हाक मारतो तीही.