नकाशाबाहेरचं द्राक्ष

रजत पार आणि जॉर्डन मॅकाय यांच्या ‘द सॉमेलियर्स ॲटलास ऑफ टेस्ट’ (2018) या पुस्तकामागे एक हट्ट आहे: वाइनची चव ही जागेची असते आणि जिभेला ती जागा ओळखता आली पाहिजे. फ्रान्समधल्या शाब्लीच्या चुनखडीत बारीक कालवांचे जीवाश्म सापडतात, हे वाइनवाले मोठ्या कौतुकाने सांगतात. ती कालवं पेल्यात उतरतात यावर माझा विश्वास नाही. शाब्लीच्या वाइनमधल्या धारदार आंबटपणात थंड हवेचा हात मोठा असावा. पुस्तकाची गंमत मात्र शेजारच्या गावांत आहे. बर्गंडीत मर्सो आणि प्युलिनी लागून, द्राक्ष तेच शार्डने. तरी मर्सो तोंडभर पसरते, प्युलिनी ताठ उभी राहते. पेल्यातून निघून मागे मागे जात उतारावरच्या बागेपर्यंत पोहोचायचं, ही सॉमेलियरची, म्हणजे वाइन पारखून वाढणाऱ्या जाणकाराची, वाचनपद्धत. कोलकात्यात जन्मलेले पार ती सॅन फ्रान्सिस्कोच्या रुबिकॉन रेस्टॉरंटमध्ये, सॉमेलियर लॅरी स्टोन यांच्या हाताखाली शिकले.

बागेत उतरल्यावर मात्र वाचन उलट्या दिशेने करावं लागतं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, केंब्रियातल्या फेलन फार्मवर पार यांनी कलमं केली ती सावान्यँ, त्रुसो, मोंदूज या जातींची. या पूर्व फ्रान्समधल्या ज्युरा आणि साव्वाच्या डोंगरांतल्या जाती; पॅसिफिकच्या धुक्याशी त्यांची ओळख नाही. जागा आणि जात यांचं नातं पिढ्यानपिढ्या मुरतं असं पानोपानी सांगणाऱ्याने हे करावं? मला तरी हे त्या पुस्तकाचं न छापलेलं, सर्वांत धीट प्रकरण वाटतं.

तिथे विकतचं यीस्ट घालत नाहीत, गंधकही टाळतात. सालीवरचं रानटी यीस्ट आधी कामाला लागतं. अल्कोहोल चढलं की त्यातलं बरंचसं दमतं आणि सॅकरोमायसीस हे यीस्ट उरलेली साखर संपवतं. मधल्या काळाची हमी कुणी देत नाही. ॲसिटिक जिवाणूंनी डोकं वर काढलं की रस व्हिनेगरकडे झुकतो. गंधक ही भीती कमी करतो. तो न वापरणाऱ्याला घड निवडताना आणि पिंपं धुताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. ‘नैसर्गिक’ म्हणजे सोडून दिलेलं, असं समजून केलेल्या वाइन पुष्कळ आहेत आणि त्या पिववत नाहीत.

झाशीच्या आसपास, बुंदेलखंडात, अशा आपोआप आंबण्याचं कुणाला नवल वाटू नये. चैत्रात पहाटे गळालेली मोहफुलं वाळवून पाण्यात भिजत घातली की तीही बाहेरचं यीस्ट न मागता फसफसतात. पुढे त्यांची दारू गाळली जाते, तिथे वाइनशी वाट फुटते. पण पार यांचा ॲटलास युरोपाबाहेर पाऊल टाकत नाही, आणि आपल्याकडेही मोहाला नशेपलीकडे चव असते हे फारसं कुणी गंभीरपणे घेतलेलं नाही. ओरछ्याचा मोह आणि तालबेहटचा मोह वेगळे लागतात का, हे ठरवायला आधी कुणीतरी दोन्ही पेले शेजारी ठेवायला हवेत.