वजनाखाली दबलेली घडण

कच्छमधल्या भूजच्या उमरशी मावजींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवलेले चांदीचे मग आणि चहादाण्या पाहताना नजर आधी वेलीवर जाते. तिच्या वळशांमधून हरणे, वाघ, शिकारी डोकावतात. मग लक्षात येते, की भांड्याचे पोट जिथे फुगते तिथे वेल पसरते आणि गळा अरुंद होतो तिथे आवळून येते. आकार आणि नक्षी एकाच विचारातून निघाली आहेत. आजच्या बाजारातल्या नक्षीदार पेल्यांत हरवले आहे ते हेच.

कच्छी कामाची चांदी बहुधा ९२.५ टंचाच्या इंग्रजी चांदीपेक्षा शुद्ध, म्हणून मऊ आणि खोल उठाव घेणारी. चकती ठोकत ठोकत तिच्यातून भांडे वर काढायचे. ठोक्यांनी पत्रा ताठरतो, की तावून पुन्हा मऊ करायचा. जिथे हात पोचत नाही तिथे वाकड्या लोखंडी दांडीने आतून उठाव द्यायचा, मग पोटात राळ भरून बोथट छिन्न्यांनी बाहेरून फुलाभोवतीची जमीन खाली दाबायची. त्या जमिनीवर बारीक ठिपक्यांची दाटी करतात. प्रकाश तिथे विखुरतो आणि गुळगुळीत पाकळी झळकते. माझ्या मते या कलेचे खरे कौशल्य फुलात नाही, या जमिनीत आहे. भारतीय कलांचा ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज बर्डवुड याने १८८० च्या आपल्या ग्रंथात या कामाचे मूळ डच ठरवले. घाट युरोपीय गिऱ्हाइकाचे होते हे तर उघडच आहे, पण ते नक्षीने भरणारा हात कच्छचा होता.

आता पेल्याचे अंग चकरीवर ओढले जाते, नक्षी डायमधून छापली जाते. यंत्राला माझा विरोध नाही. साधा, नितळ पेला यंत्रावरही सुरेख उतरतो. खटकते ती मोर-कमळांची एकच पट्टी, लहान-मोठ्या सगळ्या भांड्यांवर तीच. उठाव उथळ असला, की खाचांत काळसर रंग भरून ‘अँटिक’ म्हणून विकायचे. पेला ओठाला लावायची वस्तू आहे, तरी काठाला बोट लावून पाहा, पत्रा कित्येकदा कागदासारखा लागतो.

पुण्याच्या तांबट आळीतल्या मठारकामाकडून या बाबतीत शिकण्यासारखे आहे. तिथे धातू तांबे, पण ज्या ठोक्यांनी पत्रा कणखर होतो त्याच ठोक्यांच्या रांगा नक्षी होतात. चांदीच्या फुलपात्राला याहून वेगळे अलंकरण कशाला हवे?

या घसरणीला बहुतेक जण गिऱ्हाइकाची अभिरुची कारण सांगतात. मला दोष हिशेबाच्या पद्धतीत दिसतो. चांदीचे भांडे आपण वजनावर घेतो आणि घडणावळही बहुधा ग्रॅमवर किंवा टक्क्यांवर देतो. दोन दिवस जमीन ठिपकत बसलेल्या कारागिराच्या भांड्याचे वजन त्या ठिपक्यांनी वाढत नाही. शिवाय मोडीत घालताना घडणावळ शून्य धरली जाते. बारशाला आलेला पेला लग्नाच्या पैंजणांसाठी वितळतो आणि पुढच्या कारागिराला पाहायला जुना नमुनाच उरत नाही. चांदीचा भाव किलोला लाखापुढे गेल्यापासून हा मोह आणखी वाढला आहे.

उमरशींची भांडी वाचली, कारण त्यांवर ‘ओ. एम. भूज’ असा ठसा आहे. त्या अक्षरांमुळे संग्राहक धातूच्या कित्येक पट किंमत देतात. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांकाचे हॉलमार्क मिळू लागले आहे, सध्या ऐच्छिक. त्यावरून टंच कळतो, सराफाची नोंदणी कळते. भांड्याच्या बुडावर त्या हॉलमार्कशेजारी कारागिराच्या नावाचा बारीकसा ठसा सहज मावेल. सराफांनी तो उमटवू द्यावा आणि हातकामाच्या भांड्याची घडणावळ वजनावर न लावता नगावर लावावी.